मामाचं रेसकोर्स

फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारी दुपारी महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर दोन गर्द्या एकमेकींना ओलांडतात. एक गर्दी कठड्याला टेकून धोबीघाटाचे फोटो काढत असते. दुसरी तिच्या पाठीमागून झपाझप चालत जाते. तिच्यात पांढऱ्या सदऱ्यातले वयस्कर पुरुष जास्त. कुणाच्या काखेत, कुणाच्या खिशातून डोकावणारं पातळ पुस्तक. ते कोल. कुठल्या रेसला कोणता घोडा, त्याचे आईबाप कोण, मागच्या वेळी कितवा आला, पाठीवर किती वजन, जॉकी कोण, हे सगळं बारीक अक्षरात त्यात असतं. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की ते विकणाऱ्यांच्या आरोळ्या सुरू होतात. इंडियन डर्बीचा दिवस होता. मी पुण्याहून आलो होतो, आणि दादरला भेटलेला माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, माझ्या पुढे चालत होता. त्याची चाल अगदी मामासारखी झाली आहे.

मामा लोअर परळच्या एका मिलमध्ये साचेखात्यात होता. मूळ गाव खटाव तालुक्यातलं. शाळेच्या सुट्टीत मी त्याच्या चाळीत राहायला जायचो, तेव्हा थंडीच्या दिवसांतले रविवार ठरलेले असत. मटण दुपारी लवकर व्हायचं, मामा इस्त्रीचा शर्ट घालायचा आणि दादाला नि मला घेऊन चालत महालक्ष्मीला निघायचा. मामी दारात उभी राहून एवढंच म्हणायची, "पाकीट इथंच ठेवा." मामा खरंच पाकीट ठेवायचा. वरच्या खिशात मोजके पैसे घ्यायचा. ते संपले की त्या दिवसाची बेटिंग संपली. मग उरलेल्या रेस तो अधिक मन लावून बघायचा.

मामीचं ते वाक्य मी हलकं मानत नाही. गिरणगावात रेसनं मोडलेली घरं होती. पगाराच्या दिवशी सावकार मिलच्या दारात उभा असायचा, आणि त्याच्या वहीतली काही कर्जं महालक्ष्मीच्या खिडकीवर गेलेल्या पैशांची असायची. मामाच्याच मजल्यावर असं एक घर होतं. तिथल्या बाईनं दागिने विकून पोरांच्या फिया भरल्या. रेसकोर्सबद्दल प्रेमानं लिहिताना हे मागे ठेवून चालत नाही. मामाचं प्रेम मात्र घोड्यावर होतं, आणि तेच त्यानं आम्हाला दिलं.

तो पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत वाढलेला माणूस. तिथं खिलारांचा मोठा बाजार भरतो. बैल विकत घ्यायचा नसला तरी बघत हिंडायचं, खूर बघायचे, पाठ बघायची, चालवून बघायचं, हा त्याच्या लहानपणचा अभ्यास. मुंबईत आल्यावर जनावर बघायची ती भूक भागवणारी एकच जागा त्याला सापडली. साच्यांच्या खडखडाटात आठवडा काढलेला माणूस रविवारी या मैदानावर यायचा, आणि त्याच्या डोक्यावर पहिल्यांदा एवढं मोठं आकाश असायचं. चाळीच्या गॅलरीतून आकाशाची पट्टी दिसते. महालक्ष्मीला ते पुरतं दिसतं.

आजही दिसतं. फाटकातून आत गेलो, स्टँडच्या पायऱ्या चढून वर आलो आणि समोर हिरवा लंबगोल पसरला, तसा दादा थांबला. "बघ," म्हणाला. ट्रॅकपलीकडे आता आकाशाला खालून उंच इमारतींनी कुरतडलं आहे. मामाच्या वेळी तिकडे गिरण्यांच्या चिमण्या होत्या. त्याला प्रत्येक चिमणीचं नाव ठाऊक होतं. पण मैदान तेवढंच आहे, आणि दुपारी हाजीअलीच्या बाजूनं येणारा वाराही तोच.

या जमिनीचा इतिहास पाण्यापासून सुरू होतो. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये समुद्राला मोठी खिंड होती. भरतीचं पाणी तिथून आत शिरायचं आणि बेटांमधला सखल भाग बुडवायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला आणि ते पाणी अडलं. मागे राहिली ती दलदलीची सपाट जमीन. रेस तेव्हा भायखळ्याला व्हायच्या, आणि धावायची ती बहुतेक अरबी घोडी. बसरा, कुवेतकडून ती गलबतांतून मुंबई बंदरात उतरत. मुंबई ही त्या घोड्यांची हिंदुस्थानातली मोठी पेठ होती. भायखळ्याची वस्ती दाटत गेली आणि १८८३ मध्ये रेसकोर्स महालक्ष्मीच्या या सपाटीवर आलं. आखणीसाठी नमुना घेतला तो ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नजवळच्या कॉलफिल्डच्या ट्रॅकचा. रेस चालवणाऱ्या क्लबला १९३५ मध्ये पाचव्या जॉर्ज राजाकडून 'रॉयल' ही उपाधी मिळाली. तोच आजचा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. हिवाळ्यात मुंबई आणि पावसाळ्यात पुणे असे त्याचे दोन मोसम. पुण्याचं रेसकोर्स तर महालक्ष्मीहून जुनं, १८३० चं, लष्कराच्या जमिनीवरचं.

मामाला यातली सनं माहीत नव्हती. "इथं समुद्र होता," एवढं तो सांगायचा आणि बुटाची टाच गवतात रोवून दाखवायचा.

त्या काळी आमची जागा सेकंड एन्क्लोजरमध्ये. मेंबरांच्या बाजूला सूट, टाय, रेशमी साड्या, मोठ्या टोप्या. आमच्या बाजूला गिरणी कामगार, टॅक्सीवाले, इराणी हॉटेलातले कारकून, गोदीतले लोक, भेंडीबाजारातले म्हातारे. तिथं शेजारचा माणूस अनोळखी नसायचा. "काका, तीन नंबरचं काय?" असं कुणीही कुणालाही विचारायचं, आणि समोरचा माणूस कोल उघडून मनापासून सांगायचा. दोन्ही बाजूंना दिसणारा घोडा एकच होता. विनिंग पोस्टजवळ आरडाओरडा सुरू झाला की तिकडच्या टोप्याही उडायच्या.

दादानं मला थेट पॅडॉककडे नेलं. मामाचा हा नियम होता. आधी पॅडॉक, मग खिडकी. रेसच्या आधी घोड्यांना इथं गोल फिरवतात. लगाम सईसाच्या हातात असतो, आणि कठड्याशी उभं राहिलं की घोडा हातभर अंतरावरून जातो. त्याच्या अंगाचा वास येतो. घाम, गवत आणि तेल लावलेलं चामडं. कातडीखालून शिरा उठून दिसतात. साडेचारशे-पाचशे किलोचं जनावर, पण पाय इतके बारीक की काळजी वाटावी.

मामा बोट न दाखवता, हळू आवाजात शिकवायचा. "कान बघ. एक पुढं, एक मागं, म्हणजे मन ठिकाणावर नाही. दोन्ही पुढं असले की त्याला पळायचंय." "पुठ्ठा बघ, ताकद तिथं असते." "चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेपुढं पडतो का, ते बघ." फार घाम फुटलेला घोडा त्याला आवडायचा नाही. "हा रेस इथंच पळून संपवणार." रंगांची नावं तो जुनी वापरायचा. कुमाईत, मुश्की, सब्जा. चारी पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा असलेला घोडा आला की हात जोडायचा. पंचकल्याणी. तो जिंको न जिंको, त्याच्यावर थोडे पैसे लागायचेच.

या डर्बीच्या दिवशी दुसऱ्या रेसच्या आधी एक कुमाईत घोडी आली. सईस पन्नाशीचा, बुटका, तिच्या कानाशी सतत काहीतरी बोलत होता. बाहेरच्या फेरीत ती बिचकली, मागच्या पायांवर उठली. सईसानं लगाम ओढला नाही. उलट सैल सोडला, स्वतः एक पाऊल तिच्या अंगाकडे सरकला आणि खांदा तिच्या मानेला टेकवला. ती उतरली. दादा मला कोपरानं ढोसून म्हणाला, "बघितलंस? ओढला असता तर गेली असती."

रेस संपल्यावर घोड्यांना थंड करायला फिरवत होते, तिथं तो सईस पुन्हा दिसला. दादानं कठड्यावरूनच त्याला विचारलं, "काय म्हणत होता तिला?"

"काय म्हणणार," तो हसला. "मी हाय, एवढंच."

पहाटे चारला तो तबेल्यात येतो. शेण काढणं, पाणी, चारा, मग मालिश, मग ट्रॅकवरचा सराव, मग पुन्हा मालिश. त्याचं घर घाटावर, पण बायको-मुलं वर्षातून मोजके दिवस भेटतात. घोडी पुण्याला गेली की तोही पुण्याला. "हिला माझ्या खोकल्याचा आवाज कळतो," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात अभिमान होता आणि तो लपवायची त्याला गरज वाटत नव्हती. बक्षीस समारंभात ट्रॉफी मालकाच्या हातात जाते, फोटो जॉकी आणि ट्रेनरचा निघतो. घोडा शांतपणे तिथं उभा राहतो तो सईसाच्या हातामुळे. पॅडॉकच्या कठड्याशी उभं राहिल्याशिवाय हे कुणाला दिसत नाही, आणि मामानं आम्हाला तिथं उभं केलं याचं मोल मला वय वाढलं तसं जास्त कळत गेलं.

खिडकीवर दादानं विनचं एक तिकीट घेतलं, प्लेसचं एक. टोटचा हिशेब असा की सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, त्यातून कर आणि क्लबचा वाटा वजा होतो आणि उरलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. ज्या घोड्यावर सगळ्यांचा डोळा, त्याचा भाव कमी. ज्याच्याकडे कुणी बघत नाही, तो आला तर पैसेच पैसे. जॅकपॉट म्हणजे ठरलेल्या पाच रेसचे पाचही विजेते ओळखायचे. गिरणगावातल्या कित्येक कहाण्या चार विजेते ओळखून पाचव्यात अडकलेल्या आहेत.

रेस हा निव्वळ नशिबाचा जुगार की कौशल्याचा खेळ, हा वाद न्यायालयापर्यंत गेला होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. करानं मात्र तो फरक मानलेला नाही. जीएसटी आल्यापासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के आकारले जात होते. सप्टेंबर २०२५ पासून ते ४० टक्के झाले. याचा परिणाम खिडक्यांवर दिसतो. पूर्वी रांगेत शिरायला धक्के मारावे लागत. आज डर्बी असूनही काही खिडक्यांसमोर दोन-चार माणसं. पैसे लावणारे हटले की चोरटी बेटिंग वाढते, आणि ती ना सरकारला काही देते, ना घोड्याला. बक्षिसाची रक्कम, तबेल्याचा खर्च, सईसाचा पगार, सगळं याच गल्ल्यावर उभं आहे. खिशाला मर्यादा घालून आलेल्या माणसाला हाकलून हा खेळ सुधारेल असं मला वाटत नाही.

चौथ्या की पाचव्या रेसला आम्ही स्टँड सोडून खाली रेलिंगपाशी गेलो. मामा नेहमी तिथंच उभा राहायचा. वरून रेस दिसते, खालून ती अंगात शिरते. आधी काहीच नसतं. लांबवर रंगीत ठिपक्यांची एक ओळ सरकत असते आणि लाउडस्पीकरवरचा आवाज चढत जातो. मग वळणावरून ते सरळ पट्ट्यावर येतात, आणि ऐकू येण्याआधी जमीन तळव्यांना कळवते. मग टापा, चाबकाचे फटकारे, जॉकींचे "हा, हा", घोड्यांचा फुसफुसणारा श्वास, उडणारी ढेकळं, आणि सगळं समोरून निघून जातं. ताशी साठ किलोमीटरच्या आसपासचा वेग असतो तो. मागे गवतावर फक्त खुरांचे ओरखडे.

मानेच्या अंतरानं निकाल लागला. लगेच कुणी तिकीट फाडत नाही. जॉकी खोगीर घेऊन वजनकाट्यावर जातात. निघताना जेवढं वजन होतं तेवढंच परतताना भरायला हवं. हँडिकॅपच्या रेसमध्ये चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, त्यासाठी खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या असतात. कुणाचा आक्षेप असेल तर तो ऐकला जातो. मग निकाल पक्का झाल्याची घोषणा होते. तेवढा वेळ हजारो माणसं हातातलं कागदाचं चिटोरं घट्ट धरून उभी असतात.

डर्बीच्या आधी दादा आणि मी चहा घेऊन पायरीवर बसलो. बडोद्याचा विषय निघालाच. मामाचा तो आवडता विषय. इंडियन डर्बी पहिल्यांदा धावली १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन काळात. ती जिंकली एका घोडीनं. प्रिन्सेस ब्यूटिफुल तिचं नाव, मालक बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड, वर जॉकी ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. महाराजांनी पुढे इंग्लंडात लिलावात २८,००० गिनी मोजून एक शिंगरू घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. त्या सयाजीरावनं १९४७ मध्ये आयर्लंडची डर्बी जिंकली आणि इंग्लंडची सेंट लेजरही. वर पुन्हा ब्रिटच. राजाच्या खजिन्यातले एवढे पैसे घोड्यावर जावेत का, असा प्रश्न बडोद्याच्या रयतेनं विचारला असेल तर तो रास्तच होता. पण मामा ही गोष्ट सांगताना त्याच्या आवाजात वेगळाच रंग यायचा. त्याच्या लेखी, गोऱ्यांच्या मैदानावर "सयाजीराव, सयाजीराव" असं ओरडायला गोऱ्यांनाच लागलं होतं.

जॉकींमध्ये त्याचे देव मराठी होते. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे. परदेशी जॉकी हिवाळ्यात इथं येऊन मोठ्या रेस जिंकून जायचे, त्या मैदानावर आपल्याकडची पोरं तबेल्यातून वर चढली आणि नाव मिळवून गेली, हे मामा चाळीच्या गॅलरीत बसून परत परत सांगायचा. नंतरच्या काळात पेसी श्रॉफ आला. त्यानं जॉकी म्हणून डर्बी जिंकल्या आणि मग ट्रेनर होऊनही जिंकल्या. दादा त्याचा भक्त. दोघा बापलेकांचं यावरून भांडण व्हायचं, खाडे मोठा की श्रॉफ. दोघांनी एकमेकांचा देव ऐन भरात पाहिलेला नव्हता, त्यामुळे ते कधी संपलं नाही.

डर्बीची हाक झाली. चार वर्षांचे घोडे, अंतर २४०० मीटर. घोड्याच्या आयुष्यात ही रेस एकदाच येते. त्या वर्षी पाय दुखावला, ताप आला, तर संपलं. पुढच्या वर्षी तो पाच वर्षांचा असतो आणि दार बंद. म्हणून पॅडॉकमध्ये आज कुणी जोरात बोलत नव्हतं. ट्रेनरांचे चेहरे ओढलेले. एका सईसानं घोड्याच्या कपाळाला हळदीकुंकू लावलेलं मी पाहिलं. अगदी पुसटसं, केसांत दडेल एवढं.

दरवाजे उघडले तसा एक सब्जा घोडा पुढे गेला आणि त्यानं सगळ्यांना ओढत नेलं. पलीकडच्या सरळ पट्ट्यावर तो चार लेंग्थ पुढे होता. आजूबाजूचे लोक त्याचं नाव घ्यायला लागले. दादा काही बोलला नाही. "एवढ्या लवकर," असं फक्त पुटपुटला. शेवटच्या वळणावर मागचा घोळका आवळत आला. सब्जाची मान वर व्हायला लागली, म्हणजे दम सुटला. बाहेरच्या बाजूनं एक काळपट कुमाईत निघाला. त्याच्या जॉकीनं चाबूक उगारलाच नाही, हातांनीच ढकलत राहिला. शेवटचे दोनशे मीटर स्टँडमधून जो आवाज आला तो शब्दांचा नव्हता. कुमाईत पोस्टवरून गेला तेव्हा दुसरा त्याच्या अर्ध्या लेंग्थवर होता. जेमतेम अडीच मिनिटं. सब्जा मागून, मान खाली घालून आला. त्याचा सईस ट्रॅकवर धावत गेला आणि सगळ्यांत आधी त्यानं त्याचे पाय चाचपून पाहिले.

दादाचं तिकीट लागलं नव्हतं. त्यानं ते कोलच्या पानांत नीट ठेवलं. मामाही तिकिटं फाडायचा नाही. त्याच्या ट्रंकेत जुन्या कोलांची चळत होती, आणि तारखेवरून तो सांगायचा की दादाचं बारसं कुठल्या रेसच्या आठवड्यात झालं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. मामाच्या वरच्या खिशात ठेवायला काही उरलं नाही. तिकीट काढून आत जाणं थांबलं. मग तो पहाटे यायला लागला. सकाळी मैदानात फिरायला लोकांना मोकळीक असते, आणि त्याच वेळी घोड्यांचा सराव चालतो. धुक्यातून घोडे येतात, सईस आणि रायडिंग बॉय एकमेकांना हाका मारतात, कुणी पैसे लावत नाही. संपाच्या त्या वर्षांत मामा परळहून अंधारात चालत यायचा आणि उजाडून ऊन चढेपर्यंत रेलिंगला टेकून उभा राहायचा. दादा तेव्हा कॉलेजात. तो सांगतो, "घरी बाबा बोलायचे नाहीत. इथं आणलं की बोलायचे. घोड्यांबद्दलच, पण बोलायचे." या शहरात फुकट मिळालेली ही एक जागा त्या माणसाला सांभाळून घेत होती.

म्हणून या जमिनीच्या बातम्या मी आतड्यानं वाचतो. १९१४ चा भाडेकरार ९९ वर्षांनी, २०१३ मध्ये संपला. त्यानंतर बरीच वर्षं इथं काय करायचं याचे नकाशे निघत राहिले. २०२४ मध्ये ठरलं की २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी जायचे आणि ९१ एकर रेससाठी क्लबकडे राहायचे. किनारी रस्त्याच्या भरावावरची जागा त्याला जोडून मोठं उद्यान होणार, त्यावर इमारती उभ्या राहणार नाहीत, असं सांगितलं गेलं आहे. उद्यानाला माझा विरोध नाही. परळ-वरळीच्या पोरांना पळायला जागा हवीच, आणि इतकी वर्षं हे मैदान बहुतेक मुंबईकरांना कुंपणाबाहेरूनच दिसत आलं. पण उद्यानाच्या नावाखाली काँक्रीटची वाट, तिकिटाची खिडकी, खालून पार्किंग आणि वरून रोषणाई आली, तर मोकळं आकाश नावालाच राहील. आणि तबेले उठले तर त्यांच्याबरोबर तो सईस उठेल, नाल ठोकणारा उठेल, खोगीर शिवणारा उठेल. हे हुन्नर पुस्तकात राहत नाहीत. घोडा आहे तोवरच ते हातात असतात. ९१ एकरांत घोडे नांदावेत आणि १२० एकरांत पहाटे कुणाही मामाला फुकट उभं राहता यावं, असं मला मनापासून वाटतं.

घोड्यांचं पुढे काय होतं, असं लहानपणी मी मामाला विचारलं होतं. त्यानं परळच्या हाफकिन संस्थेकडे बोट दाखवलं होतं. "म्हातारे घोडे तिथं औषध देतात." तेव्हा ते मला गोष्टीसारखं वाटलं. पण ते खरं होतं. सापाच्या विषाचे अगदी थोडे थोडे डोस घोड्याला टोचतात, त्याचं शरीर त्यावर उतारा तयार करतं, मग त्याच्या रक्तातून प्रतिविष काढतात. धनुर्वातावरचं प्रतिविषही असंच. रेसमधून निवृत्त झालेले घोडे हाफकिनला दिले जात. पुण्यात सोली पूनावाला यांनी १९४६ मध्ये स्टड फार्म सुरू केला होता. तिथले घोडेही असे जात, आणि त्यावरूनच त्यांचे चिरंजीव सायरस यांना हे काम स्वतः करावं असं सुचलं. १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली ती अशी. खटाव तालुक्यात पावसाळ्यात बांधावर घोणस निघते. तिथल्या दवाखान्यातल्या बाटलीत घोड्याच्या रक्तातून काढलेलं औषध असतं, हे मामाला माहीत होतं, म्हणून तो गावी गेल्यावरही रेसच्या घोड्याचं नाव आदरानं घ्यायचा.

शेवटची रेस झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. लोक पांगायला लागले. मघाच्या सईसाला दादानं फाटकाशी गाठलं. त्याच्या घोडीला पाचवा नंबर मिळाला होता, पण तो समाधानात होता. पाय थंड आहेत, दाणा खाल्ला, बास. एप्रिलपर्यंत इथं, मग पुणं, असं तो म्हणाला.

"पुण्याला कधीपासून रेस?" दादानं मला विचारलं.

"जुलैपासून. सप्टेंबरात सेंट लेजर."

"मग पहाटेच्या सरावाला जाऊ. आईला पण आणतो. तिनं आयुष्यात घोडा जवळून बघितला नाही."

"मामी येईल?"

"पाकीट घरी ठेवतो म्हटलं की येईल," दादा म्हणाला, आणि आम्ही सातरस्त्याच्या दिशेनं चालू लागलो.